टोपी नव्हे, चेहरा

जग बघायला निघालेल्या माणसांबद्दल नेरेयदाबाईंचं मत फार वाईट होतं. सांत्यागोच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई. झोपेतून उठवून विचारलं तरी मंगोलियाची राजधानी सांगणार, आणि क्यूबाच्या बाहेर आयुष्यात एकदाही पाऊल टाकलेलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी रस्त्याकडची खोली पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. ज्या जगाचे नकाशे त्यांनी फळ्यावर काढले होते, ते जग आता पाठीला पिशवी लावून, अर्ध्या चड्डीत, घाम पुसत दारात येऊन उभं राहायला लागलं. बाईंची त्याने साफ निराशा केली.

“त्या डेन्मार्कच्या पोराला विचारलं, तुमच्या देशाला जमिनीवरून शेजारी किती? तर म्हणे, बघून सांगतो,” बाई शेजारच्या मिग्दालियाला सांगत. “स्वतःचं अंगण ठाऊक नाही आणि निघालेत क्यूबा बघायला. आईबापांनी तिकीट काढून दिलं, अक्कल द्यायची तेवढी राहिली.”

मिग्दालिया मान डोलवी. डेन्मार्क कुठे आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं, पण बाईंपुढे मान न डोलवण्याची हिंमत आमच्या तिवोली वस्तीत कुणाला नव्हती. निम्मी वस्ती त्यांच्या हातची पट्टी खाऊन मोठी झालेली. लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणत.

आता एक गोष्ट, जी बाईंनी मिग्दालियालाही सांगितली नव्हती. बाईंना दिसत नव्हतं. अगदी आंधळ्या नव्हत्या; समोर माणूस आहे की खांब, एवढं कळायचं. माणूस कोण, ते मात्र चालीवरून आणि आवाजावरून ओळखावं लागे. त्यांचा साडेपाच नंबरचा चष्मा आठ महिन्यांपूर्वी त्यांच्याच बुडाखाली येऊन मोडला होता. दोष त्यांनी मांजराला दिला. तेव्हापासून चष्म्याच्या दुकानात तो नंबर आला नव्हता. घराकडं चढणाऱ्या पाद्रे पिको रस्त्याच्या बावन्न पायऱ्या त्या मनात मोजून चढत आणि मोजून उतरत. कुणी विचारलंच, बाई चष्मा कुठंय, तर म्हणत, “या गावात बघण्यासारखं उरलंय काय?” पडलो तरी नाक वर, तशातली ही बाई.

बहिणीला, सुलेमाला, तेवढा संशय आला. ती बायामोला राहायची. गेल्या खेपेस आली तेव्हा बाईंनी कॉफी कपाच्या शेजारी ओतली, आणि वर टेबलच वाकडं आहे म्हणाल्या.

“नेरे, टेबल सरळ आहे,” सुलेमा म्हणाली. “पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी मोठी बॅग घेऊन येते. तोवर चष्मा आणून दाखवलास तर बॅग रिकामी परत नेईन. नाही तर कुलूप लावायचं आणि माझ्याकडं चलायचं. या पायऱ्यांवरून पडून मरशील आणि मला बसमध्ये रडत यावं लागेल.”

बायामो! सपाट, समुद्र नाही, रस्त्यात घोडागाड्या आणि घोड्यांचं शेण. तिथं संध्याकाळी माणसं ओट्यावर खुर्च्या टाकून समोरच्या ओट्यावरच्या खुर्च्यांकडं बघत बसतात. बाईंच्या लेखी तिकडं जाणं म्हणजे जिवंतपणी भिंतीवरचा फोटो होणं. रात्री त्यांना झोप लागेना, पण हेही त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

तो रविवार चार दिवसांवर आला असताना, बुधवारी दुपारी, अलेंका नावाची पाहुणी आली. एकटीच. बारीक चणीची, आखूड केसांची, पाठीवर पिशवी. बाईंना तेवढंच दिसलं, आणि तेवढ्यावर त्यांनी ठरवलं की असेल पंचवीस-सव्वीसची.

“कुठली ग पोरी?”

“मी स्लोव्हेनिया या देशाची रहिवासी आहे,” ती सावकाश म्हणाली. स्पॅनिश ती रात्रीच्या वर्गात शिकलेली, त्यामुळे सरकारी पत्रासारखी बोलायची.

“राजधानी?”

“ल्युब्लियाना.”

“समुद्रकिनारा किती?”

“सेहेचाळीस किलोमीटर.”

इतक्या वर्षांत बरोबर उत्तर देणारी ही पहिलीच. त्याचाच बाईंना जास्त राग आला. “सेहेचाळीस!” त्या म्हणाल्या. “त्याला किनारा म्हणतात होय? आमच्याकडं पाच हजारांच्या वर आहे. वही घे, नाव, वय, पासपोर्ट, सगळं तूच लिही. मला तुझं अक्षर बघायचंय.”

पोरीनं लिहिलं. बाईंनी वही डोळ्यांसमोर धरली, “बरं आहे,” म्हणाल्या आणि मिटली. वही उलटी धरली होती. अलेंकाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

गुरुवारी सकाळी ती गाव बघायला निघाली. हातात नकाशा होता. तो बाईंनी काढून घेतला. “हा कुणी छापलाय देव जाणे. मी सांगते तशी जा. पायऱ्या उतर, बर्फाचा कारखाना होता तिथं डावीकडं वळ. पुढं चिन्याची लाँड्री होती, ती ओलांडली की उजवीकडं सिनेमा होता. तिथून कुणीही सांगेल.”

आता आमच्या गावात पत्ता असाच सांगतात, त्यात गैर काही नाही. बर्फाचा कारखाना पडून पन्नास वर्षं झाली, चिनी वारला, त्याची लाँड्री आधी चपलांचं दुकान झाली, मग टायरवाल्याचं, आता तिथं काहीच नाही. पण आम्हाला सगळ्यांना ती जागा ठाऊक आहे, तेव्हा अडचण येते ती फक्त बाहेरच्याला. आणि बाहेरच्याची अडचण ही आमची करमणूक आहे.

पाच तासांनी पोरगी परत आली ती शेंदरासारखी लाल होऊन. कारखाना शोधता शोधता ती बंदरावर पोचली होती, तिथून स्टेशनवर, तिथून एका म्हाताऱ्याच्या घरी. त्याने तिला बाटलीभर गार प्रू, म्हणजे आमच्याकडचं झाडामुळांचं सरबत, पाजलं, आणि तो कारखाना आपल्या लग्नाआधीच बंद पडल्याचं सांगितलं.

“साधा पत्ता कळत नाही,” बाई म्हणाल्या. “बरं, काय बघितलंस?”

तिनं सांगितलं. खिडक्यांचे गज, उतारावरून ब्रेक न लावता येणाऱ्या मोटरसायकली, दारादारांत चाललेले डोमिनोचे डाव. आणि कोपऱ्यावरचं ते कोरीव सज्ज्याचं घर. “ते पिवळं गृह अतिशय सुंदर आहे.”

“निळं,” बाई म्हणाल्या.

“पिवळं.”

“अग, फार्मसीवाल्याच्या विधवेचं घर ते. मी लहान होते तेव्हापासून निळं आहे. तुमच्या सेहेचाळीस किलोमीटरात रंग शिकवत नाहीत काय?”

पोरीनं खाली मान घालून भात-राजमा खाल्ला, आणि मग आपलं दुसरं दुःख सांगितलं. आइस्क्रीमच्या दुकानापुढं ती तासभर उभी होती. माणसं मागून येत होती आणि आत जात होती. ती आपली उभीच.

बाई इतक्या हसल्या की पलीकडून मिग्दालियानं विचारलं काय झालं म्हणून.

“रांग काय डोळ्यांना दिसते का बये? रांग डोक्यात असते. गेल्या गेल्या ओरडायचं, शेवट कोण? जो ‘मी’ म्हणेल त्याच्या मागं तू. मग त्याला विचारायचं, तुझ्या पुढं कोण? कारण हा कंटाळून निघून गेला तर त्याच्या पुढचा तुला ठाऊक पाहिजे. एवढं झालं की खुशाल सावलीत जाऊन बस. आणि एक ध्यानात ठेव. टोपी, झगा, पिशवी, यांच्यावर जायचं नाही. टोपी माणूस काढतो. चेहरा लक्षात ठेव.”

“टोपी नव्हे, चेहरा,” पोरीनं वहीत लिहून घेतलं. बाईंना वाटलं, असलं लिहून घेणारं माणूस वर्गात असलं की वर्गाचा बट्ट्याबोळ होतो.

झालं, तिला नादच लागला. शुक्रवारी तिनं गावात जी दिसेल ती रांग धरली. कशाची आहे ते न विचारता. आमच्याकडंही कधीकधी तसं करतात, पण आम्हाला गरज असते. दोन तास उभं राहून ती घरी आली तेव्हा तिच्या हातात संडासाच्या टाकीतला तरंगता गोळा होता.

“हे काय विमानातून स्लोव्हेनियाला नेणार?” बाईंनी विचारलं.

“तुमची टाकी सतत गळत असल्याचे माझ्या निदर्शनास आले,” ती म्हणाली.

टाकी वर्षभर गळत होती. गोळा मिळत नव्हता. बाईंनी तो तिच्या हातून घेतला, आभार मानले नाहीत, आणि सगळ्या वस्तीला सांगितलं की एका पोरीनं सांत्यागोला येऊन किल्ला बघितला नाही, संडासाचा गोळा बघितला.

त्याच संध्याकाळी मिग्दालिया बातमी घेऊन आली. उद्या चष्म्याच्या दुकानात तयार चष्मे येणार, मोठ्या नंबरांचेही. ती सहज बोलली, बाईंनी सहज ऐकलं, आणि आत जाऊन नंबरची चिठ्ठी तीनदा चाचपली. शनिवार. सुलेमाची बस रविवारी सकाळची.

“उद्या मी तेलाच्या रांगेत जाणार आहे,” त्यांनी पोरीला सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची ही तऱ्हा.

“मीसुद्धा येऊ का?”

“तू किल्ला बघ.”

सकाळी त्या पायऱ्या मोजत उतरल्या, गल्ल्या पायाला पाठ होत्या. दुकानावर मोठा डोळा रंगवलेला आहे, हे त्यांना आठवत होतं. तिथं माणसांचा ढीग होता, म्हणजे जागा बरोबर. “शेवट कोण?” त्यांनी विचारलं.

“मी, माय,” एक पुरुषाचा आवाज आला.

बाईंनी आवाजाकडं बघितलं. चेहरा म्हणजे तपकिरी ठिपका. पण ठिपक्यावर लालभडक टोपी होती. सोपं काम, बाईंना वाटलं. तुझ्या पुढं कोण, हे विचारायचं त्या विसरल्या. चौतीस वर्षं दुसऱ्याला शिकवलं की स्वतः करायची सवय मोडते. त्या फुटपाथच्या कडेला जाऊन बसणार, एवढ्यात मागून आवाज आला.

“कृपया, शेवट कोण?”

“मी,” बाई म्हणून गेल्या, आणि मग त्यांना तो आवाज ओळखू आला.

अलेंकानं एकदा बाईंकडं बघितलं, एकदा दुकानावरच्या हातभर डोळ्याकडं. तेल हा शब्द तिनं काढला नाही. “तुमच्या पुढे कोण?” तिनं नियमाप्रमाणे विचारलं.

“तो काय, लाल टोपी,” बाई फणकारल्या. “तुला चष्मा लागतो का? नाही ना? मग जा की.”

“आता माझ्या मागेसुद्धा माणसे आहेत,” ती म्हणाली आणि राहिली.

दहा वाजून गेले तरी दार उघडेना. उन्हानं सगळे पांगले. कुणी झाडाखाली, कुणी समोरच्या वळचणीला, कुणी शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन कोपऱ्यावर. बाई ती लाल टोपी नजरेतून सुटू न देता बसल्या. मान अवघडली, पण टोपी सुटू दिली नाही.

आणि इथं बाईंनी अशी चूक केली की आमच्या गावातलं शेंबडं पोरही करायचं नाही. शनिवारी दुपारी बेसबॉलची मॅच होती. आमच्या संघाचं नाव गांधीलमाश्या, रंग लाल आणि काळा. मॅचच्या दिवशी सांत्यागोत लाल टोपीवरून माणूस ओळखणं म्हणजे शाळेत गणवेशावरून मूल ओळखणं.

दार उघडलं. लाल टोपी उठली, बाई तिच्या मागं उठल्या आणि दारात शिरायला लागल्या.

“ए आज्जे!” एक धिप्पाड बाई आडवी आली. ओदालिस तिचं नाव; मंडईत केळी विकते, आवाज तसाच. “ह्याच्या मागं मी आहे. तू कुठून उगवलीस?”

“मी ह्यांच्या मागंच. सकाळी विचारलंय मी. लाल टोपी.”

“लाल टोपी!” ओदालिस वळून सगळ्यांना म्हणाली. “ऐकलं का? म्हातारीनं टोपीच्या मागं नंबर लावलाय. अग, ती बघ लाल टोपी, ती बघ, तो खांबाला टेकलाय त्याचीही लाल टोपी. कुठल्या टोपीच्या मागं आहेस ते तरी ठरव!”

लोक हसले. बाईंनी मान फिरवली. खरंच सगळीकडं लाल ठिपके होते.

“माझा नंबर आहे,” त्या म्हणाल्या. आवाज पट्टी आपटणाऱ्या बाईचा राहिला नव्हता. “मी खोटं बोलत नाही.”

“मग पुढचा माणूस दाखव. चेहरा दाखव त्याचा.”

बाईंना चेहरा दाखवता येईना. गर्दीतला एक जण म्हणाला, “अरे, ह्या आपल्या भूगोलाच्या बाई! बाई, तुम्हाला दिसत नाही काय?” तो चांगल्या मनानं म्हणाला होता. आठ महिने जे झाकून ठेवलं, ते त्या गाढवानं प्रेमानं उघड्यावर आणून ठेवलं. बाईंना तिथंच जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं.

“जा, परत शेवटून लाग,” ओदालिस म्हणाली. शेवटून लागणं म्हणजे पन्नास माणसांच्या मागं. तोवर मोठे नंबर कुठले उरायला. बाईंना डोळ्यांपुढं बायामोच्या ओट्यावरची खुर्ची स्पष्ट दिसली. तेवढी मात्र दिसली.

“क्षमस्व,” मागून आवाज आला. “ही हकीकत चुकीची आहे.”

अलेंका पुढं आली. हातातली वही उघडी होती. “बाईंच्या पुढे ते गृहस्थ. ते झाडाखाली निद्रिस्त आहेत. टोपी त्यांनी खिशात ठेवली आहे. डाव्या भुवईवर व्रण आहे. त्यांच्या पुढे हिरव्या छत्रीच्या बाई, एक दात सोन्याचा. बाईंच्या मागे मी. माझ्या मागे हे दोघे बंधू.”

झाडाखालच्या माणसाला कुणीतरी लाथेनं उठवलं. त्यानं डोळे चोळले, बाईंकडं बघितलं. “हां, ही माय माझ्या मागं,” तो म्हणाला. “काय, सुरू झाली मॅच?”

“आता परदेशातून माणसं येऊन आम्हाला रांग शिकवणार!” ओदालिस म्हणाली. पण बाईंचा नंबर तिनं मानला. आमच्याकडं सरकार बदलेल, रांगेचा कायदा बदलायचा नाही.

बाईंना चष्मा मिळाला. साडेपाचचे दोनच होते, त्यातला एक. फ्रेम तपकिरी, पुरुषी, घुबडाला शोभेल अशी. अलेंकाचा नंबर आला तेव्हा ती म्हणाली, मला काही नको, धन्यवाद. काउंटरवरच्या मुलीनं तिच्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर बाईंना दुकानाच्या या टोकापासून नीट दिसली.

बाहेर येऊन बाईंनी पहिल्यांदा पोरीकडं बघितलं, आणि बघतच राहिल्या. पोरगी कसली? केस पांढरे, गळ्याला सुरकुत्या, डोळ्यांखाली पिशव्या.

“वय काय ग तुझं?”

“साठ. वहीत लिहिले होते.”

“मग मी चार दिवस पोरी पोरी म्हणतेय, सांगायचं नाहीस?”

“मला ते आवडत होते,” अलेंका म्हणाली.

परत जाताना कोपऱ्यावर फार्मसीवाल्याच्या विधवेचं घर आलं. पिवळं होतं. ताजं नव्हे; रंगाला दोन पावसाळे तरी होऊन गेले होते. बाई त्यापुढं उभ्या राहिल्या. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात उभं आयुष्य गेलं, आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ आज नाकावर चष्मा चढवून सापडलं. अलेंका हसली असती तर बाईंना शिवी तरी देता आली असती. ती हसली नाही. मग बावन्न पायऱ्या आल्या, आणि बाई त्या आठ महिन्यांत पहिल्यांदाच न मोजता चढल्या. वर त्यांचं स्वतःचं दार होतं. पाहुण्यांना त्या दोन-तीन वर्षं सांगत होत्या, निळं दार बघून या. दाराला निळा रंग नखाएवढा उरला होता.

“भिकारडं दार,” बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

रविवारी सुलेमा आली. पायऱ्यांच्या तळाशी उभी राहून तिनं कपाळाचा घाम पुसला. मोठी बॅग होती, रिकामी.

“सुलेमा!” वरून आवाज आला. “डाव्या चपलेचा पट्टा तुटलाय तुझ्या. आणि झगा उलटा घातलायस. बायामोत आरसे मिळत नाहीत काय?”

सुलेमानं झग्याकडं बघितलं. शिवण बाहेर होती. वर दारात तिची बहीण उभी होती, घुबडासारखा चष्मा लावून, डोक्यावर गवती हॅट, हातात पाण्याची बाटली. शेजारी एक पांढऱ्या केसांची परदेशी बाई नकाशा उलगडत होती.

“मिळाला तर चष्मा,” सुलेमा धापा टाकत वर येऊन म्हणाली. तिला आनंद झाला होता, आणि बॅग एवढी लांब वाहून आणल्याचा रागही आला होता. “म्हणजे येत नाहीस तू.”

“येईन कधीतरी चार दिवस. आत्ता वेळ नाही.”

“कुठं चाललीस एवढ्या उन्हात?”

बाईंनी अलेंकाच्या हातातला नकाशा आपल्याकडं ओढला, सरळ धरला आणि बघितला. बर्फाचा कारखाना त्यात नव्हता. लाँड्रीही नव्हती.

“गाव बघायला,” त्या म्हणाल्या. “कालच आलेय मी.”